टेकायला जागा

समारंभाचे अध्यक्ष सिन्योर फोर्नासारी, मंचावरील मान्यवर, वाद्यवृंदातले सहकारी, आणि ज्यांच्या धाकानं आम्ही सुरात गातो अशा वरच्या गॅलरीतल्या पार्माकर बंधुभगिनींनो,

आज आमच्या गायनशिक्षिका, आम्हा सगळ्यांच्या 'मायेस्त्रा', देल्फिना रास्तेल्ली निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी मी अधिकारानं बोलणार, कारण माझं जुनं वजन आणि आताचं वजन, दोन्हींकडून त्यांनी गाऊन घेतलंय.

काही वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकाला ऑपेरासाठी क्षयानं खंगलेली नायिका हवी होती. मला बघून कुणाला क्षय आठवला असता का? मी हिवाळाभर लोणी-चीज सोडलं आणि निम्मी झाले. पोशाख बसला, पण एका श्वासात गायची लांब ओळ मध्येच तुटायला लागली. भूमिका हातची जाणार हे दिसत होतं. आई म्हणाली, "रिकाम्या पोटी कोण गातं गं? खा आधी." भोपळ्याचं सारण भरलेला तोर्तेल्ली पास्ता घेऊन ती तालमीलाच आली. मी घास उचलला, तेवढ्यात मायेस्त्रांनी ताट ओढलं आणि स्वतःच खाऊ लागल्या. (त्यांच्या वजनाविषयी आज बोलायचं नाही असं ठरलंय.)

"पोरी, चरबी गात नसते," त्या खाता खाता म्हणाल्या. "पण इतकी वर्षं तू तिच्यावर टेकून गात होतीस. आता टेकायला दुसरी जागा शोध."

त्यांनी आपली लोकरी शाल माझ्या कमरेला आवळली. "हिला आतून ढकल. ओळ संपेपर्यंत सैल पडू द्यायची नाही." माझ्या पाठीकडच्या बरगड्यांची आणि माझी ओळख तेव्हा झाली.

पहिल्या प्रयोगाला पहिल्याच अंकात घाबरून माझी ओळ तुटली. वरून आवाज आला, "ओर्नेल्ला, जेवून ये!" सगळे हसले. आल्विझे, खाली काय बघतोस, तूच तो.

मायेस्त्रांना खाली मानाची खुर्ची असायची, पण त्या कायम गॅलरीतच बसायच्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "गप रे. तिला श्वास घेऊ दे."

सगळं नाट्यगृह माझ्या श्वासासाठी थांबलं. मी तो पाठीपर्यंत घेतला. पुढची ओळ जिथे संपायला हवी तिथेच संपली, आणि पहिली टाळी आल्विझेची होती.

मायेस्त्रा, उद्यापासून मी एकटी गाईन आणि नीट गाईन. तरी आता ते जिने चढवत नाहीत म्हणून तुम्ही वर नसाल, याचं मला फार वाईट वाटतंय.

आपण शांतपणे ऐकलंत, पार्मात हे भाग्य थोड्यांनाच लाभतं. मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. श्वास कुठे चुकला असेल तर मात्र, मायेस्त्रा, क्षमा करू नका. घरी बोलावून घ्या.