हौसाबाई रोज एक पाठवते

मंडळी, नाम घेऊन झालं, आता कान इकडे द्या! एक सवाल आहे. माणूस खरं बोलला, अगदी शपथेवर खरं, तरी ते खोटं ठरू शकतं का? नाही म्हणता? मग हौसाबाईचं ऐका!

हौसाबाई साठीची, गळ्यात तुळशीची माळ. सून मोनाली बाळंतीण. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. हौसाबाई स्वतः बाळंतीण होती, तेव्हा तिला विसाव्या दिवशी खुरपायला धाडलं होतं. ते दुखणं मनात होतं! तिनं ठरवलं, माझी सून तीन महिने खाटेवरून उठणार नाही. डिंकाचे लाडू, शेक, पांघरूण! डोळे जातील म्हणून मोबाइलसुद्धा काढून घेतला. माया हो, निव्वळ माया!

दोन महिने झाले, आणि त्या मोबाइलवर दवाखान्याचा मेसेज आला — 'ताई, आज दहा मिनिटं चाललात का? हो असेल तर १ पाठवा.' हौसाबाई चौथी पास. अक्षर लावून लावून वाचलं, आणि सुनेची अब्रू राखायला १ पाठवला. लगेच उत्तर — 'शाब्बास ताई!'

मंडळी, साठ वर्षांत तिला कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं! (बायका हसल्या. पुरुषांनी खाली बघितलं, तेही दिसलं मला!) पण गळ्यात माळ, खोटं कसं चालेल? मग काय! मुलाचे बूट घातले, ओचा खोचला, आणि निघाली! म्हसोबापर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी मेसेज — 'खांदे गोल फिरवा.' तिनं गिरणीच्या रांगेत फिरवले; लोकांना वाटलं, चोळीत गांधीलमाशी शिरली! गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, सुनेचे लाडू संपायला लागले! रोज १, रोज शाब्बास!

घरी येऊन सुनेला सांगायची, शेवगा काय फुललाय! मोनाली भिंतीकडे तोंड फिरवायची. गार वारा लागला असेल, म्हणून हौसाबाई आणखी एक पांघरूण घालायची.

सोळाव्या दिवशी मेसेज आला — 'ताई, कंबरदुखी कमी झाली का?' हौसाबाईचं बोट थांबलं. तिची कंबर कधी दुखलीच नव्हती! आता खरं उत्तर द्यायचं कसं? ती तशीच बुटांसकट आत गेली, आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "मोना, कंबर दुखते का गं?"

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "आत्याबाई, झोपून झोपून मोडून गेलीय. मलाही शेवगा बघायचाय."

हौसाबाई स्वतःलाच म्हणाली, औषध सुनेचं, आणि पीत होते मी! तिनं पायातले बूट काढले, आपल्या हातानं सुनेच्या पायात घातले, नातवाला छातीशी धरलं, आणि निघाल्या दोघी! नवऱ्याचे बूट, फटक फटक वाजतायत! शेवग्याखाली मोनाली जी हसायला लागली, ती थांबेचना. त्या दिवशीचा १ तिनं पाठवला. शाब्बास आलं, ते तिनं सासूलाच वाचून दाखवलं.

मंडळी, देवही रोज विचारतो, तुझ्या घरातलं माणूस कसं आहे? आणि आपण सांगतो, मी मजेत आहे! खरंच असतं ते. पण विचारलं होतं कुणाबद्दल? आता घरी जाल, तर उत्तर द्यायच्या आधी आतल्या खोलीत जाऊन या. बोला, हरिनाम बोला!