परत फिरायचा आकडा

पनवेलच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या हातात फॉर्म आणि पेन देऊन तरुण डॉक्टरीण उभी होती.

“काका, सही करा. हृदयासाठी नवा पंप आहे, वेग हळूहळू वाढवू.”

“थांबायचं कुठे, ते लिहिलंय?”

“ते त्या वेळी बघू ना.”

“मी नव्या विमानांच्या चाचणीला मेकॅनिक होतो. आमचे पायलट कर्णिकसाहेब उडायच्या आधी वहीत वेगाचा आकडा लिहायचे. काटा तिथे आला की परत. वर गेल्यावर मोह होतो, म्हणायचे. उतरले की आधी काय चुकलं ते सांगायचे, मग माझ्या हातचा चहा.”

“कधीच मोह झाला नाही?”

“एकदा. बघायला मोठे पाहुणे आले होते. घाईत आकडा लिहिलाच नाही. गार झालेला चहा घेऊन मी अंधार पडेपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभा होतो.”

“...काका, तो फॉर्म द्या इकडे. पेनही द्या. थांबायचा आकडा आधी लिहिते.”