कपाळावरची राख

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या कपाळावर क्रुसाच्या आकाराचा लालभडक चट्टा उठला होता.

“अगं, जन्म गेला आपला राखेच्या बुधवारी राख लावून घेण्यात. असं कधी झालंय?”

“वहिनी, राख खऱ्या झावळ्यांची असती तर नसतंच झालं.”

“म्हणजे? आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळूनच करतात ना ती?”

“त्याच जाळल्या. पण आमच्या चर्चच्या महिला मंडळानं झाडं वाचवायची म्हणून गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या वाटल्या होत्या.”

“अगं बाई गं! तुमच्या चर्चच्या घंटावाल्या काकांना जाळताना कळलं नाही?”

“कळलं की! काळाकुट्ट धूर निघाला. पण आशीर्वाद दिलेल्या झावळ्या कचऱ्यात कशा टाकणार? खरवडून निघाली तेवढी राख त्यांनी कुटली. वितळलेला गोळा उरला, तो फादरांनी चर्चच्या बागेत पुरायला लावला.”

“पुरला?”

“मग! रीतच आहे ना, आशीर्वादाची वस्तू मातीत मिळू द्यायची.”

“देवा रे! आणि राख लावताना फादर काय म्हणाले? आपण सगळे एक दिवस मातीत मिळणार, असंच ना?”

“हो, दरवर्षीसारखंच.”

“आपण मिळू गं. तो गोळा?”