बाईंच्या हातून निसटलेला कप

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, संस्थेचे कर्मचारी, मूल मिळालेले आईबाप, अजून रांगेत असलेले आईबाप, आणि आज निवृत्त होत असलेल्या आमच्या बाई,

अध्यक्षांनी मघाशी बाईंना 'मायेचा सागर' म्हटलं. असू दे. निरोपाच्या दिवशी सगळेच सागर होतात. बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला त्या जप्ती आणणाऱ्या वाटल्या होत्या.

रांगेतल्यांना सांगतो, परदेशातलं मूल दत्तक घेणं म्हणजे सामान मागवणं नव्हे. आधी नोंदणी. मग डॉक्टर तुम्हाला आतून तपासतात, पोलीस बाहेरून, आणि शेजारी फुकटात. मग बाई घर बघायला येतात. त्या हो म्हणाल्या, तरच सरकारी मोहोर लागून कागद समुद्र ओलांडतात. मूल कोणतं, ते तिकडचे लोक सुचवतात. मग तिकडे जाऊन त्याला भेटायचं, तिकडच्या कोर्टात उभं राहायचं, व्हिसा काढायचा. मूल घरी आलं तरी बाई बघायला येतच राहतात. सासूसुद्धा इतकी येत नाही.

यात बाईंची एक पद्धत कुठल्याच नियमावलीत नाही. प्रत्येक घरात त्यांच्या हातून काहीतरी पडून फुटतं. पुढच्या रांगेतले हसताहेत, म्हणजे त्यांच्याकडेही फुटलेलं दिसतंय. आजवर आपण कुणी बाहेर बोललो नाही. आता बाई निवृत्तच होताहेत, म्हणून बोलतो.

आम्ही तेव्हा थोरल्या दादाच्या घरात राहायचो. दादाचं टायरचं दुकान. बाईंसमोर तो पाय पसरून बसला.

"मॅडम, मुलासाठी इतक्या लांब कशाला जायचं? आणि रक्त कुठलं, कोण जाणे."

"रक्त डॉक्टर तपासतात," बाई म्हणाल्या. "मी बाकीचं बघते."

वहिनी चहा घेऊन आली. बाईंनी कप उचलला आणि तो सुटला. कप पडला बाईंच्या हातून, चहा उडाला दादाच्या पायावर, आणि थोबाडीत बसली वहिनीच्या. उलट्या हाताची. ट्रे भिंतीवर, वहिनी दारावर. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं.

"वेंधळी आहे," दादा म्हणाला. "माफ करा हं, मॅडम."

बाई वाकून तुकडे गोळा करत राहिल्या. जिन्यात मात्र थांबल्या. "कप जमिनीवर आदळायच्या आधीच तुमच्या वहिनींनी डोळे मिटले होते. या घरात मी मूल पाठवणार नाही."

आमची ही रडायला लागली. "मग आम्ही करायचं काय?"

"घर तुमचं आहे. मी फक्त बघते."

त्याच आठवड्यात मी दादाला सांगितलं, आम्ही निघतोय, वहिनीला यायचं असेल तर तीही येईल. दादा हसला. "विचार की तिला."

वहिनी म्हणाली, "बॅग भरलीय मी, भाऊजी."

दादा दुकानातून टायर उचकटायची लोखंडी टॉमी घेऊन आला. पहिला घाव माझ्या खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. दुसरा डोक्यात पडायचा, तेवढ्यात वहिनीने शेगडीवरचा तापलेला तवा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या तोंडावर हाणला. तो कोसळला, तरी ती थांबेना. हिने तिला कमरेला धरून ओढलं, तेव्हा तळव्यांची कातडी तव्याला चिकटून राहिली होती. दादाचा जबडा, माझा खांदा, वहिनीचे हात. डॉक्टरसाहेब, त्या दिवशी आमचं अख्खं कुटुंब आपण एका छताखाली आणलंत.

मला वाटलं, संपलं सगळं. आता पोलीस कसला दाखला देतात? बाई दवाखान्यात आल्या.

"तक्रार दिलीत?"

"घराची अब्रू जाईल, बाई."

"माझ्या अहवालात अब्रूचा रकाना नाही. मार खाणाऱ्यांनी काय केलं, ते मी लिहिते."

तक्रार दिली. वहिनीने सही केली, बँडेजमधून. दादा आत गेला. घर बदललं, म्हणून पाहणी पुन्हा पहिल्यापासून. भाड्याच्या दोन खोल्या. बाई आल्या, कप पडला. वहिनीने डोळे मिटले. काहीच झालं नाही. तिने हळूच एक डोळा उघडला. ही म्हणाली, "बाई, तुम्हाला स्टीलचा पेला देऊ का?"

बाईंचा होकार आम्हाला त्या भेटीत मिळाला.

मुलगी आली ती पाच वर्षांची. भुवईवर टाक्यांची जुनी खूण, भाषा वेगळी. फुटण्यासारखं होतं ते सगळं तिने फोडलं. फोडायची, कोपऱ्यात जाऊन डोकं हातांनी झाकायची आणि वाट बघायची. मार येईना, की आणखी एक फोडायची. हिच्या दंडाला चावून लचका तोडला. मी बाईंना फोन केला, "बाई, ही पोरगी तर तुमचीच चेली."

"बघू दे वाट," बाई म्हणाल्या. "दमेल."

वहिनी रोज तिच्या शेजारी कोपऱ्यात जाऊन बसायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता.

असो. बाईंसाठी आम्ही सहा कपांचा संच आणलाय. त्यातले पाच इथे आहेत. मघाशी या सभागृहाच्या पायरीवर मुलीच्या हातून एक पडला. वहिनीने डोळे मिटले नाहीत. मुलीने डोकं झाकलं नाही. ती म्हणाली, "बाबा, केरसुणी कुठंय? तुकडा कुणाच्या तरी पायात जाईल."

बाई, पाचच गोड मानून घ्या. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे जीभ घसरली असेल, तर सभेने ते पोटात घालावं. इतका वेळ ऐकून घेतलंत, ऋणी आहे. जाताना पायऱ्या तेवढ्या जपून उतरा. तिने झाडलंय, पण अजून सातच वर्षांची आहे.