बापूसाहेबांच्या रिव्हॉल्वरचा गेलेला नंबर

जबाब, दि. १९/०१/२०२६, सकाळी ११.४०

मी रखमाजी ज्योतिबा टेळे, वय ७३ वर्षे, धंदा शेती, पूर्वी साखर कारखान्यात टर्नर, शिक्षण सातवी, रा. भांडगाव, ता. दौंड, जि. पुणे. समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे :

आल्याबरोबर मी हवालदारांच्या गुडघ्याची, त्यांच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची आणि लेकीच्या बाळंतपणाची चौकशी केली. "सगळी बरी हायेत आप्पा, आता तुमचं बोला," असं ते म्हणाले.

मला युद्धकाळातल्या रिव्हॉल्वरांचा नाद आहे. माझ्याकडे हत्यार एकही नाही, वही आहे. निवडणूक लागली की लायसनवाले आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करतात. तेव्हा मी दौंडला नाहीतर शिरूरला बाहेर बाकावर बसतो आणि मालकाला विचारून शिक्के, नंबर उतरवून घेतो. अशी एकतीस रिव्हॉल्वरं वहीत आहेत.

त्यातलं चौदावं आमचे शेजारी बापूसाहेब दोरगे, वय ८४, यांचं. ते अमेरिकेत बनलेलं, दुसऱ्या महायुद्धात करारानं इंग्रज सरकारला पुरवलेल्या मालातलं. वरच्या पट्टीवर अमेरिकन सरकारच्या मालकीचा शिक्का, नळीवर विलायतेच्या तपासणीचा, मुठीखाली दोरी अडकवायची कडी. बापूसाहेबांच्या वडिलांनी फौजेतून सुटल्यावर ते रीतसर विकत घेतलं. लायसन चालू आहे.

आज सकाळी बापूसाहेबांचा मुलगा स्वराज, सणसवाडीला कंपनीत असतो, वडिलांचं पत्र घेऊन ते जमा करायला आला. मुठीखालचा नंबर दिसेना म्हणून त्याला इथं बसवून ठेवलं. त्याची बायको सारिका रडत माझ्याकडे आली. "आप्पा, तुमच्या वहीत नंबर हाय ना? चला की." आम्ही साडेदहाला रिक्षानं पोचलो.

वहीतला नंबर लायसनशी जुळला. ठाण्याच्या फौजदार साहेबांनी विचारलं, हाच नंबर हत्यारावर आणखी कुठं असतो? मी सांगितलं, नळीच्या पोटाखाली आणि गोळ्यांच्या चक्राच्या पाठीवर. नळीखालचा गंजानं खाल्लाय. चक्रावरचा वेगळा आहे. युद्धात फौजेच्या वर्कशॉपात चक्र बदललं असणार. नंबराशेजारी बारीक शिक्का आहे तो त्यांचाच, असं मी धरतो. वहीत तसं लिहिलेलं आहे.

साहेब म्हणाले, "म्हणजे नंबर जुळत नव्हते, म्हणून पोरानं मुठीचा घासून काढला."

सारिका मला म्हणाली, "कशाला बोललात वो, आप्पा?"

मी पाणी मागितलं. पिऊन बाहेर गेलो. चप्पल घातली, परत काढली, आत आलो.

नंबर मी काढला. खंडेनवमीला बापूसाहेबांच्या घरी कोयता, पहार, ट्रॅक्टरचे पाने पूजेला मांडले होते. त्या दिवशी आमच्यात प्रत्येक हत्यार घासूनपुसून लखलखीत करतात. रिव्हॉल्वर गंजलेलं. बापूसाहेब खाटेवरनं म्हणाले, "रखमा, असलं काळं तोंड घिऊन देवापुढं मांडतोस व्हय रं?" कारखान्यातल्या सवयीनं माझ्याकडे पॉलिश पेपर असतोच. जुन्या हत्याराला तो लावायचा नसतो, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलोय. तरी बसलो घासत. चांगलं चकाकायला लागलं होतं. अर्ध्या तासानं बोट फिरवलं तर आकडे लागेनात. मग मी तिथं हळदकुंकू जरा जास्त लावलं आणि कोणाला काही बोललो नाही. स्वराज त्या दिवशी पहिल्या पाळीला गेलेला होता. सारिका पुरणाला बसली होती.

स्वराजला सोडावं. त्याच्या जागी मला बसवा, रक्तदाबाची गोळी मी बरोबर आणली आहे. चक्रावरच्या शिक्क्याबद्दल फौजेच्या शस्त्रकोठाराला पत्र घालावं आणि त्यांचं लेखी उत्तर लवकर मागवावं, ही विनंती.

हवालदारांनी हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात नंबर घासल्याच्या जागी "माझ्याकडून चुकून" असं आलं होतं. माझ्या भल्यासाठीच त्यांनी ते घातलं होतं. मी "चुकून" खोडायला लावलं आणि खोडल्या जागी सही केली. बाकी मी सांगितल्याबरहुकूम आहे.