आधी नवरा, मग व्हेरी मच

निलंगा-लातूर एसटीत सौदामिनीबाई खिडकीशी बसल्या होत्या. इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण कान अजून नोकरीवरच होते. मागच्या सीटवर हुमा आईकडून, हसीनाबींकडून, वाक्यं घोकून घेत होती. लातूरच्या क्लासात आज हसीनाबींना घरच्यांबद्दल इंग्रजीत बोलायचं होतं. शेजारी हुमाचे अब्बा, खाजामियाँ, डोळे मिटून बसले होते.

"आय लाइक व्हेरी मच टी."

"अम्मी, आधी चहा, मग व्हेरी मच."

"आय लाइक टी व्हेरी मच."

"शाब्बास! आता अब्बांचं."

"ते ऱ्हाऊ दे. बकरीचं सांगते."

"अम्मी!"

"आय लव्ह व्हेरी मच…"

"कुणाला? आधी नवरा, मग व्हेरी मच."

"व्हेरी मच आधी उरकते गं. मग नवरा हळूच म्हणता येतो. निकाह झाल्यापासून असलं कधी बोलले न्हाई मी. लई लाज वाटायलीय."

"इंग्रजीत लाज नसती. म्हण."

"आय लव्ह माय हजबंड व्हेरी मच."

"एकदम बरोबर!"

"चुकलं," खाजामियाँ डोळे न उघडता म्हणाले. "परत म्हणायला लाव."

"अब्बा, तुम्हाला कुठं इंग्रजी येतंय?"

"मला न्हाई येत. पुढच्या मॅडमला विचार. मघापासून त्यांचा कान इकडंच हाय."

सौदामिनीबाई वळल्या. उभ्या नोकरीत त्यांनी बरोबर वाक्याला कधी चूक म्हटलं नव्हतं.

"चुकलंच हो," त्या म्हणाल्या. "अजून एकदा म्हणा. जरा मोठ्यानं."