शालिग्रामभाऊंची ताकद

...नाही, मला एक सांगा, माणसाला थकवा आला तर त्यानं काय करावं? जेवावं! बरोबर की नाही? वरण-पोळी, पालेभाजी, असलं तर एखादं अंडं... चार घास पोटात घालावेत आणि आडवं व्हावं. पण आमच्या शालिग्रामभाऊंना हे पटेल तर शपथ! त्यांना जेवण नको होतं. त्यांना ताकद पाहिजे होती. जेवण वेगळं आणि ताकद वेगळी, ताकद ही डबीत मिळते, अशी त्यांची ठाम समजूत!

शालिग्रामभाऊ म्हणजे आमचे शेजारी हो. इथं नवागाममध्ये त्यांच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत, तीसुद्धा अशी की तिकडं त्यांच्या बायकोनं, ताराबाईनं फोडणी घातली की इकडं मला ठसका. माणूस मूळचा खामगावकडचा, सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करण्यात अर्धं आयुष्य गेलं. आणि बोटं काय सांगू तुम्हाला! लूमवर ते धागेच धागे ताणलेले, त्यातला एक तुटला की बाकीचे कारागीर डोळे फाडून शोधत बसतात. हे आपले गप्पा मारता मारता नुसता हात फिरवायचे, आणि तुटलेलं टोक बोटात! गाठ मारून मोकळे. शेठ तर नवीन पोरांना त्यांच्यापुढं उभं करायचा, "शालिगरामनो हाथ जुओ, हाथ!" बघा म्हणे याचा हात!

पण या हाताला खायला काय? सकाळी चहा-खारी. कारखान्यात चहा. चहावर तंबाखू, तंबाखूवर परत चहा. ताराबाई बिचारी पहाटे उठून डबा भरायची, वरण, मेथी, ज्वारीची भाकरी, आणि संध्याकाळी तो डबा जसाच्या तसा घरी! फिरायला गेला होता जणू! ती विचारायची, "अवो, जेवले काहून नाही तुमी?" तर हे म्हणायचे, "भूकच नाही लागली वं. चहा झाला होता ना."

मग नाही येणार चक्कर? आली! जिन्यावर आली, लूमपाशी आली, एकदा तर मोरीत आली. ताराबाई म्हणाली, "जेवा." मी भिंतीपलीकडून ओरडले, "जेवा हो भाऊ!" पण बायकोच्या हातचं वरण हे काय औषध असतं होय? त्याला ना डबी, ना वास, ना त्यावर पहिलवानाचं चित्र! आणि यांना ताकद पाहिजे होती ना, ताकद!

तर भेस्तानच्या रस्त्याकडेला एक तंबू होता. तुम्ही पाहिले असतील तसले तंबू, बाहेर काचेच्या बरण्या, बरण्यांत मुळ्या, मागं पिळदार मिशीवाला वैद्य. हे कामावरून येताना शिरले आत. त्यानं नाडी धरली, डोळे मिटले आणि मान अशी हलवली की जिवंत माणसाला आपण गेलोच असं वाटावं. "भाईसाब, आपका तो खून ही पानी हो गया है!" झालं! घरी येऊन ताराबाईला सांगतात, "पाह्य, मी म्हनत होतो ना? रक्ताचं पानी झालं माह्या. तू आपली वरण वरण करून राह्यली!"

एक काळपट चूर्ण दिलं, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, मधातून. आणि पथ्य काय सांगितलं ऐका! "दूध बंद, अंडा बंद, दाल बंद, हरी सब्जी बंद. ये सब दवाई को काटता है।" म्हणजे जे थोडंफार पोटात जात होतं, तेवढंही बंद! राहिलं काय? चहा! चहा चालतो का, हे मात्र यांनी आठवणीनं विचारलं होतं. चालत होता!

आता खोटं कशाला बोलू, सुरुवातीला आली हो ताकद. तोंडावर लाली आली, चाल बदलली, आमचा गॅसचा सिलिंडर एकट्यानं वर आणून दिला. आमच्या ह्यांच्याकडं बघून मी दोन दिवस तोंड वाकडं करून होते! आणि भाऊंची छाती तर अशी फुगली, की दंडाची बेटकुळी काढून गल्लीभर दाखवायचे.  ताराबाईला तेवढं ते चूर्ण आवडलंच नव्हतं. एकदा सोनाली, त्यांची मुलगी, अभ्यास करताना डोकं दुखतंय म्हणाली म्हणून यांनी वाटीत मध काढला, चूर्ण टाकलं, वाटी पोरीच्या ओठापर्यंत नेली... आणि भिंतीपलीकडं धाडकन आवाज! ताराबाईनं वाटी उडवली होती. "तुमाले काय खायचं ते खा. माह्या लेकराच्या तोंडाले लावाल तर पाहून घ्या!" जन्मात एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती ती. भाऊ खाली बसले आणि फरशीवरचं चूर्ण बोटानं गोळा करून स्वतःच चाटलं. वाया कसं घालवायचं? ताकद होती ना ती!

मग कातडी बदलायला लागली. आधी पाठ, पोट सगळं काळवंडलं, आणि त्या काळ्यावर पांढुरके ठिपके, धुळीत पाण्याचे थेंब पडल्यावर दिसतात ना, अगदी तसे. तळहातावर बाजरीच्या दाण्याएवढ्या कडक गाठी. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा. कोणीही घाबरलं असतं की नाही? हे परत तंबूत. वैद्य खूश! "अरे वाह! गर्मी बाहर आ रही है, दवाई काम कर रही है। अब डबल लो।" आणि यांनी घेतलं! दुप्पट!

इकडं गल्लीत कुजबुज. नळावर ताराबाई आली की बायका हंडे मागं ओढायच्या. टपरीवाला यांना चहा कागदाच्या कपात द्यायला लागला, बाकीच्यांना काचेच्या ग्लासात. कोणी तोंडानं म्हणालं नाही, पण मनात सगळ्यांच्या एकच, महारोग. मी भांडले हो त्या बायकांशी! पण खरं सांगू... घरी येऊन साबणानं हात मीही धुतले.

मग पायांना मुंग्या. मुंग्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर पायही गेले. म्हणजे होते जागेवर, पण यांना कळायचे नाहीत. एक दिवस घरी आले ते एका पायात चप्पल! ताराबाई म्हणते, "दुसरी कुठी?" हे खाली बघतात आणि म्हणतात, "अरे! आत्ता तं होती!" आम्ही हसलो. सोनाली हसली, मी हसले, ते स्वतः पोट धरून हसले. फक्त ताराबाई खाली बसली, त्यांचा तो उघडा पाय मांडीवर घेतला, रस्त्यावरची काच रुतली होती, रक्त वाहत होतं, आणि यांना पत्ताच नाही. ती काच उपटत होती, हे वरून विचारत होते, "काय करून राह्यली वं?"

आणि मग बोटं.

लूमवर धागा तुटला. यांनी हात फिरवला. काही लागलं नाही. परत फिरवला. कापड पुढं चाललेलं, त्यात ही लांबच लांब चीर! शेजारचा कारागीर धावत आला, त्यानं लूम थांबवला, टोक शोधलं. ते टोक यांच्या चिमटीत होतं! धरलेलं होतं हो, यांना कळलंच नव्हतं! शेठनं हात पाहिले, आणि पाहता पाहता दोन पावलं मागं सरकला. "शालिगराम, तू घेर जा. आराम कर." आराम! लूमवाल्याला शेठ आराम कर म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, सांगायला पाहिजे का?

तेव्हा कुठं ताराबाईनं त्यांना ओढत मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी होते सोबत. तिथं अपर्णा मॅडम म्हणून डॉक्टर, आपल्या मराठी, एकदम शांत. त्यांनी यांचे तळहात आपल्या हातात घेतले. हातमोजे न घालता! भाऊ त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. कितीतरी दिवसांत परक्या माणसानं हात धरला नव्हता ना. मॅडमनी विचारलं, पाणी कुठलं पिता, कारखान्यात कसली पावडर हाताळता का, काही औषध चालू आहे का? भाऊ म्हणतात, "नाही, औषध काही नाही." आणि ताराबाईनं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली.

लघवी तपासली, नखं तपासली, चूर्ण तपासलं. मॅडम म्हणाल्या, "यात आर्सेनिक आहे. सोमल म्हणतात आपल्याकडं."

"म्हंजे?"

"विष आहे, शालिग्रामभाऊ."

तर हा माणूस काय म्हणाला असेल? "पन मॅडम, ताकद आली होती ना!"

मॅडमनी कपाळाला हात नाही लावला, मी लावला! त्यांनी समजावून सांगितलं, की चूर्ण आजपासून बंद. शरीर हे विष थोडं थोडं बाहेर टाकतं, पण त्या कामाला त्याला डाळ लागते, दूध, अंडी, पालेभाज्या लागतात. तुमच्या पोटात तेच नव्हतं, म्हणून ते आत जास्त मुरलं. भाऊ सगळं ऐकून घेतात आणि हळूच विचारतात, "ते ठीक हाय, पन औषध कोनतं देता?" मॅडम म्हणाल्या, "आता मुख्य औषध हेच. जेवा." बाहेर आल्यावर यांची कुरकुर, "एवढ्या लांब आलो, एवढी मोठी डॉक्टरीण, आन् दिलं काय? अंडं!"

ताराबाई मात्र आत थांबली होती. तिनं विचारलं, "बोटं येतील ना परत?" मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "चालणं सुधारेल. बोटांचं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आणि हातावरच्या या गाठींवर लक्ष ठेवा, एखादी चिघळली, भरली नाही, तर लगेच या. पुढं त्यातून कॅन्सर होऊ शकतो." हे तिनं भाऊंना सांगितलं नाही. मला रिक्षात सांगितलं, त्यांचं लक्ष बाहेर असताना.

आम्हाला घरी सोडून ती सरळ भेस्तानला गेली, तंबूवर, पायातली चप्पल हातात घेऊन! तंबू कुठला? जमिनीत खुंट्यांची भोकं, आणि तिथं उसाच्या रसाची गाडी. ती चप्पल हातात धरून उभी, आणि रसवाला विचारतोय, "बेन, बरफ नाखुं के नहीं?" रसात बर्फ घालू का म्हणे!

आता ताराबाई साड्यांना लेस लावायला कारखान्यात जाते. जायच्या आधी समोर बसून नवऱ्याला जेवायला घालते, घास मोजल्यासारखी नजर ठेवून. आणि जेवतात हो आता! वजन वाढलं, चक्कर गेली, जिना चढतात. लोक म्हणतात, "वा भाऊ, तब्येत सुधारली!" सुधारलीच आहे. परवा ती घरी आणलेल्या साडीला लेस लावत होती, हे म्हणाले, दे, मी सुई ओवतो. बराच वेळ गेला. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, अगदी बारीक आवाजात, "तारे... धागा हाय का माह्या हातात?"

ती म्हणाली, "हाय." नव्हता. खाली पडला होता. तिनं उचलून त्यांच्या चिमटीत ठेवला.

आता भाऊ दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरांना आपली सगळी कहाणी सांगतात. शर्ट वर करून पाठ दाखवतात, हात दाखवतात, "पोरांनो, जेवत जा रे!" म्हणतात. काल असंच त्यांच्याच कारखान्यातल्या गणेशला सांगितलं. तो सगळं ऐकत होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. मला वाटलं, चला, एक तरी पोरगं सुधारलं! भाऊंचं सांगून झालं. गणेशनं इकडं तिकडं बघितलं, जवळ सरकला आणि हळूच विचारलं, "भाऊ, पण पहिल्या महिन्यात ताकद येते ना खरंच? मग... महिनाभरच घेतलं तर?"

भाऊंनी आपले दोन्ही तळहात परत त्याच्या डोळ्यांपुढं धरले. 

गणेश समजूतदार पोरगा. म्हणाला, "राहू द्या भाऊ, तुम्ही त्रास नका घेऊ. तो तंबू आता कुठं लागतो, मी विचारतो कोणाला तरी."